थांब… थांब… आता!

कुजबुजे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव नाटक कंपनीत कुणालाच आठवत नसे, आणि ज्याला आठवायला हवं तो माणूस, म्हणजे ते स्वतः, त्या आडनावाने हाक मारली तर एकदम वळतही नसे. त्यांचं उभं आयुष्य विंगेत गेलं. एका हातात संहिता, शेजारी पत्र्याचं टोपण घातलेला मिणमिणता दिवा आणि ओठांवर पुढचं वाक्य. नट अडखळला रे अडखळला की ते वाक्य नेमकं त्याच्या कानात सोडायचं, आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्याचा वासही लागू द्यायचा नाही. प्रॉम्प्टर. रंगमंचावर राजे आले आणि गेले, राण्यांनी विष घेतलं, खलनायकांना टाळ्या पडल्या. कुजबुजे आपले विंगेत.

अशा माणसाचा स्वभाव संशयी होणार नाही तर काय होणार? पडदा वर गेला की समोरचा प्रत्येक नट त्यांना गुन्हेगार दिसे. हा आज विसरणार. ही घरून भांडून आलीय, दुसऱ्या अंकात घात करणार. "लोक घामाचं खातात, मी संशयाचं खाल्लं," असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण कंपनी बंद पडली. पगार थांबला, संशय काही थांबेना.

मग तो घरात शिरला. दूधवाला पाणी घालतो. शेजारी आपलं वर्तमानपत्र आधी वाचतो आणि इस्त्री केल्यासारखी घडी घालून परत दाराशी ठेवतो. लिफ्ट मुद्दाम ते आत असतानाच अडते. बायकोने पुष्कळ दिवस सोसलं आणि एका सकाळी हातातली कणीक ताटात आपटली.

"अहो, मघापासून माझ्याकडे काय असे टक लावून बघताय? मी काय मीठ विसरणार आहे?"

"विसरली होतीस. परवा."

"ते मी मुद्दाम कमी घातलं होतं. तुमच्या रक्तदाबासाठी."

"असं सगळेच नट म्हणतात. मुद्दाम केलं म्हणे."

"हे बघा, तो पोपटखाना निघालाय ना बर्फाच्या फॅक्टरीत, तिथे मदतीला माणसं हवीत. तिथे जा. पोपट तुमचं मुकाट ऐकून घेतील, आणि वर पुन्हा म्हणूनही दाखवतील."

बाई हे बोलून पुन्हा कणकेला लागल्या. आपण किती खरं बोलून गेलो, हे त्यांनाही तेव्हा कळलं नाही.

शहराच्या टोकाला एक बंद पडलेली बर्फाची फॅक्टरी होती. जाड भिंती, उंच छत, जमिनीत पाण्याच्या गटारी. एका डॉक्टरीणबाईंनी ती जागा मागून घेतली आणि तिथे सुटका केलेल्या पोपटांचा निवारा उभा केला. कुणी दुकानातून पकडून आणलेले, कुणी मालक वारल्यावर अनाथ झालेले, कुणी मूल झालं म्हणून नकोसे झालेले. जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या घसरत, तिथे आता माणूस उभा राहून हात पसरू शकेल एवढ्या मोठ्या जाळीच्या खोल्या होत्या, आणि त्यांत नुसता कलकलाट.

पहिल्याच दिवशी कुजबुजे दारात थबकले. एक पांढराशुभ्र काकाकुवा एका म्हातारीच्या आवाजात म्हणत होता, "दार लावा, वारा येतोय." दोन हिरवे पोपट आळीपाळीने दाराच्या घंटेचा आवाज काढत होते. कोपऱ्यातला एक जण नुसता खोकत होता, अगदी विडी ओढणाऱ्याचा ओला खोकला.

"तो कुणाचा खोकला?" कुजबुजेंनी विचारलं.

"त्याच्या मालकाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस गेला, खोकला राहिला."

कुजबुजेंना भरून आलं. दुसऱ्याची वाक्यं जपून ठेवणारी ही मंडळी. म्हणजे आपले व्यवसायबंधूच की!

बाईंनी नियम एकच सांगितला. "इथे कुणीही पक्ष्यांना बोलायला शिकवायचं नाही. त्यांच्या डोक्यात आधीच फार माणसं आहेत." आणि कुजबुजेंना एका करड्या पोपटासमोर नेऊन बसवलं. त्याची शेपूट लालभडक, पण छाती उघडी. स्वतःची पिसं त्याने स्वतःच उपटली होती. मान तिरकी करून तो समोरच्याकडे असा बघे की साक्षीदाराने आपणहून गुन्हा कबूल करावा. त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत.

"याचा माणसाच्या हातावर विश्वास नाही," बाई म्हणाल्या. "तळहातावर अक्रोडाचा तुकडा ठेवायचा आणि बसायचं. हलायचं नाही, बोलवायचं नाही. तो आपणहून येईल तेव्हा येईल."

काम कुजबुजेंच्या हातचंच होतं. समोरच्यावर डोळे रोखून, श्वास धरून, नेमक्या क्षणाची वाट बघत बसायचं. रोज सकाळी ते जाळीच्या आत स्टुलावर बसत. वकीलसाहेब फांदीवरून त्यांना न्याहाळत, कुजबुजे त्यांना. दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळे त्यांचं छान जमलं. हळूहळू पोपट एक-एक पाऊल पुढे येऊ लागला. आणि एक दिवस त्याने तुकडा उचललाही.

निवाऱ्यात आणखी एकाशी त्यांचं जमलं. तो पिंजरेवाला. पन्नाशी उलटलेला, बोटं तारांनी चिरलेली, कानावर पेन्सिल. आयुष्यभर त्याने पक्ष्यांच्या बाजारात पिंजरे केले होते. चिमुकले, घुमटाचे, वर कडी असलेले. आता त्याच पक्कडीने तो इथल्या मोठ्या जाळ्या बांधी. दुपारी तो आपल्या थर्मासमधला चहा दोन ग्लासांत ओती आणि विचारी, "काका, तो राजा मरताना खरंच रडायचा?"

"रडायचा. पण त्याचं पुढचं वाक्य माझ्याजवळ असायचं."

"म्हणजे मरण त्याचं, चावी तुमच्याकडे!" असं म्हणून तो असा हसे की काकाकुवा दार लावायला सांगे.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एका सकाळी कुजबुजे पोचले, तर वकीलसाहेब फांदीवर पाठ करून बसले होते. आणि त्यांच्या चोचीतून, अगदी हलक्या, दबलेल्या, भिंतीलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात शब्द आले:

"थांब… थांब… आता!"

कुजबुजेंच्या अंगावर काटा आला. आत्तापर्यंत पोपटाने दाराच्या घंटेशिवाय तोंडातून काही काढलं नव्हतं. हे नवं होतं. आणि हे काय प्रकारचं बोलणं आहे, हे सांगायला शहाणा माणूस नको होता. अंधारात एक जण कुंपणाशी दबा धरून बसलाय, दुसरा जाळी कापायला टपलाय, आणि पहिला इशारा देतोय. मागच्या वर्षीच कुणीतरी मागच्या अंगाची जाळी कापून दोन पक्षी पळवले होते. चोर सापडले नव्हते.

ते तडक बाईंकडे गेले. बाईंनी येऊन ऐकलं. वकीलसाहेबांनी साक्ष पुन्हा दिली.

"कुणाचा आवाज आहे हा?" बाईंनी विचारलं.

"बाई, कुजबुजीला आवाज नसतो," कुजबुजे अधिकाराने म्हणाले. या एका विषयात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "आवाज काढून टाकला की मागे राहते ती कुजबूज. राजाची आणि हमालाची सारखीच. पण एक सांगतो. हा सराईत माणूस आहे. नवशिका कुजबुजला की फुसफुसतो. हा बघा, 'थांब'मधला 'ब' कसा ओठ मिटून अलगद ठेवलाय. वर्षानुवर्षांचा सराव आहे याच्या मागे. पुरुष. उतारवयाचा. आणि थंड डोक्याचा."

बाईंनी मान हलवली. "पोपट ऐकलेलं सगळं उचलत नाही, काका. जे जीव ओतून म्हटलेलं असतं, तेवढंच उचलतो."

"चोर जीव ओतूनच चोरी करतो," कुजबुजे म्हणाले.

बातमी निवाऱ्याच्या अध्यक्षांपर्यंत गेली. अध्यक्ष कापडाचे घाऊक व्यापारी; माणूस सज्जन, पण कुठलंही कापड आधी उलटं करून बघायची सवय. त्यांनी गाडीतून उतरता उतरताच विचारलं, "तुमचा कुणावर संशय?"

आता, उभ्या आयुष्यात कुजबुजेंना हा प्रश्न कुणी इतक्या आदराने विचारला नव्हता. त्यांची छाती किंचित पुढे आली.

"मी नाव घेणार नाही," ते म्हणाले. "पण कुठली जाळी कुठे कच्ची आहे, हे इथे एकाच माणसाला माहीत आहे. आणि पक्ष्यांच्या बाजारात ओळखीही एकाच माणसाच्या आहेत."

नाव घ्यायचं शिल्लक काय राहिलं होतं?

त्या दिवसापासून दुपारच्या चहाची चव गेली. कुजबुजे ग्लासाच्या कडेवरून पिंजरेवाल्याला न्याहाळू लागले. तो संध्याकाळी जाताना एक कापडी पिशवी न्यायचा, तोंड घट्ट बांधलेली. पिशवीत काय? तो कधी कधी पाण्याच्या टाकीमागे एकटाच उभा राहायचा. कशाला? शेवटी त्यांनी सापळा लावला. एक दिवस थर्मास स्वतःच्या हातात घेतला.

"आज मी ओततो. पुरे झालं की सांगा."

आणि ते धार बारीक करून, कान टवकारून ओतू लागले. ग्लास अर्धा झाला. पाऊण झाला. आता म्हणेल 'थांब'. एकदा म्हणू दे, तो 'ब' ऐकू दे.

"बास," पिंजरेवाला म्हणाला.

कुजबुजेंनी ओतणं चालूच ठेवलं.

"बास! काका, बास की! सांडलं!"

चहा त्याच्या गुडघ्यावर गेला. तो पायजमा झटकत हसला, पण कुजबुजेंच्या मनात गाठ पक्की झाली. साधा सरळ माणूस अशा वेळी 'थांबा' म्हणतो. हा तो शब्दच टाळतोय. का टाळतोय?

दोन-चार दिवसांनी पिंजरेवाला जाळीला तार ओढता ओढता म्हणाला, "काका, रविवारी मला सभेला बोलावलंय. काय असेल हो?"

"जाळीचंच असेल काही," कुजबुजे म्हणाले आणि वकीलसाहेबांकडे बघू लागले.

"कुणीतरी म्हणालं, मला काढणार आहेत." त्याने पक्कड खाली ठेवली. "काढलं तर पुन्हा बाजारातच जायचं. दुसरं येतं काय मला? हातभर पिंजरे, त्यात एवढे मोठाले जीव. इथे आल्यापासून लहान पिंजऱ्याला हात लावला नाही मी. आता ते जमेल असं वाटत नाही."

कुजबुजेंच्या मनात आलं, याने हे वाक्य किती छान टाकलं. नट चांगला आहे.

रविवार उजाडला. सभेची वेळ झालेली, बायको आत केस विंचरत होती आणि कुजबुजे स्वयंपाकघरात दुधापाशी उभे होते. दूध तापवायचं काम त्यांचं. ते दुसऱ्या कुणावर सोपवत नसत, कारण दूध हा विश्वासघातकी पदार्थ आहे. कडेला बारीक बुडबुडे आले. साय थरथरली. ते पातेल्यावर वाकून एकटक बघत होते.

आतून बायको म्हणाली, "झालं का तुमचं थांब-थांब-आता?"

कुजबुजे मागे वळले. "काय म्हणालीस?"

"तुमचं रोजचंच. दूध वर यायला लागलं की तुमचं सुरू होतं. थांब… थांब… आता! आणि मग गॅस बंद. लग्न झाल्यापासून ऐकतेय. झोपेतसुद्धा म्हणता. मला आधी वाटायचं, स्वप्नात कुणाला रस्ता क्रॉस करून देताय."

त्यांच्या मागे दूध फसफसून वर आलं, शेगडीवर सांडलं, ओट्यावरून फरशीवर टपकू लागलं. कुजबुजे तसेच उभे.

त्यांना विंग आठवली. उमेदीच्या दिवसांतला एक प्रयोग. कंपनीतल्या सगळ्यात मोठ्या नटाने मुलाच्या प्रेताशेजारी बसून एक विराम घेतला होता. नाट्यगृहात टाचणी पडली तर ऐकू यावी असा. आणि कुजबुजेंना वाटलं, हा विसरला. त्यांनी वाक्य दिलं. त्या शांततेत ते पहिल्या रांगेला ऐकू गेलं, आणि कुणीतरी हसलं. मोठा नट मेकअप उतरवता उतरवता एवढंच म्हणाला होता, "अरे, विसर आणि विराम यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने दुकान काढावं." तेव्हापासून प्रत्येक शांततेत त्यांनी स्वतःला आवरायला शिकवलं. थांब. थांब. विराम आहे, विसर नाही. आणि मग नटाच्या पापणीत ती भीती चमकली की, आता! हे मनातल्या मनात चालायचं. म्हणजे, मनातल्या मनात चालतं असं त्यांना वाटत होतं.

आणि जाळीतलं स्टूल. तळहातावरचा अक्रोड. एक-एक पाऊल पुढे येणारा पोपट. रोज सकाळी, जीव ओतून…

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते पुटपुटले.

"अहो, दूध!" बायको ओरडली. पण ते चपला शोधत होते.

सभा फॅक्टरीच्या मधल्या दालनात होती, जाळ्यांच्या समोरच. अध्यक्ष खुर्चीवर, बाजूला डॉक्टरीणबाई, भोवती मदतीला येणारी मंडळी. पिंजरेवाला समोर उभा, आणि त्याची ती पिशवी टेबलावर उलटी केलेली. टेबलभर लाकडाच्या चिपा पसरल्या होत्या. पोपटांनी कुरतडून टाकलेल्या.

"चूल पेटवायला नेतो," तो खालच्या आवाजात सांगत होता. "इथे त्या टाकीमागच्या कचऱ्यातच जातात, म्हणून. विचारायला हवं होतं."

"चिपांचं असू द्या," अध्यक्ष म्हणाले. "त्या बोलण्याचं काय?"

तेवढ्यात कुजबुजे धापा टाकत आत आले. "मला बोलायचंय."

सगळ्यांनी माना वळवल्या. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण दालनाच्या मधोमध उभे आहोत, आजूबाजूला विंग नाही, दिवा नाही, हातात संहिता नाही, आणि एवढे चेहरे आपल्याकडे बघतायत. हा प्रसंग त्यांच्यावर कधीच आला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली. स्वतःचं एक वाक्य लोकांसमोर म्हणायची वेळ आली आणि जीभ टाळूला चिकटली. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मोठे नट अशाच जागी उभे राहून कसे जगत होते, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि आपण त्यांच्यावर किती संशय घेतला, हेही.

दालन शांत झालं. खोकणारा पोपटसुद्धा गप्प.

आणि जाळीच्या आतून, अगदी विंगेतून यावं तसं, हलकेच आलं:

"थांब… थांब… आता!"

"ऐकलंत?" अध्यक्ष उठून उभे राहिले. "ऐकलंत सगळ्यांनी?"

"माझं आहे ते!" कुजबुजे ओरडले. इतक्या मोठ्याने ते आयुष्यात बोलले नव्हते. "माझंच! चोर बीर कुणी नाही. तो सराईत माणूस मी आहे. उतारवयाचा, थंड डोक्याचा, सगळा मीच. मी वाट बघताना असं पुटपुटतो, आणि मला ते ठाऊक नव्हतं. घरी बायकोला विचारा. या माणसाचा काही संबंध नाही. मी याचा चहा प्यायलो आणि यालाच फाशी द्यायला निघालो."

"पण पुरावा?" अध्यक्षांनी विचारलं.

कुजबुजे जाळीपाशी गेले. खिशात अक्रोडाचा तुकडा नेहमीचाच होता. तळहात पुढे केला, डोळे पोपटावर रोखले आणि मुद्दाम, पहिल्यांदाच जाणूनबुजून, कुजबुजले, "थांब… थांब…"

वकीलसाहेब फांदीवरून सरकत आले. एक पाऊल. आणखी एक. मान तिरकी करून त्यांनी सबंध सभेकडे एकवार बघितलं.

"आता," ते म्हणाले, आणि जाळीतून चोच काढून तुकडा घेतला.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. "काका, नियम एकच होता," एवढंच त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी घसा साफ केला, चिपा स्वतःच्या हाताने पिशवीत भरल्या आणि पिशवी पिंजरेवाल्यापुढे धरली. त्याने ती घेतली, कुणाकडेही न बघता पक्कड उचलली आणि मागच्या जाळीकडे कामाला निघून गेला.

काम राहिलं. चहा मात्र गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंजरेवाल्याने एकच ग्लास भरला. तिसऱ्या दिवशीही तेच. कुजबुजे आपल्या स्टुलावर बसून जाळीतून त्याची पाठ बघत. एकदा त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो तार कापायला लागला. ती कटकट संपेपर्यंत त्यांचा धीर सुटला. घरी बायकोने विचारलं, "बोलला का तो?" ते म्हणाले, "नाही." "मग तुम्ही बोला." "तेच कळत नाही," ते म्हणाले. "त्याला बोलायचंच नाहीये, का तो थांबलाय?"

आयुष्यभर त्यांनी शांतता वाचून पोट भरलं होतं. हीच एक त्यांना वाचता येईना. पापणी बघावी, तर पिंजरेवाला पाठमोरा.

मग ते रोज नुसते बसत राहिले. ओठ घट्ट मिटून. आता पोपटांपुढे एक शब्द म्हणून काढायचा नाही, असा बाईंचा कडक हुकूम होता. वकीलसाहेबांना ते पसंत नसावं. ते जवळ येऊन कुजबुजेंच्या ओठांकडे टक लावून बघत, काहीतरी विसरलात का, अशा नजरेने. उघड्या छातीवर त्यांना आता राखी रंगाची बारीक लव फुटली होती.

अशाच एका दुपारी पक्कडीचा आवाज बंद झाला. थर्मासचं झाकण फिरल्याचं ऐकू आलं. कुजबुजेंनी मान वर केली नाही.

"थांब…" वकीलसाहेब हळूच म्हणाले. "थांब…"

"आता या की, काका!" मागून पिंजरेवाल्याची खणखणीत हाक आली. "निवतोय तो. आणि ओतायचं मी. तुम्ही थर्मासला हात लावायचा नाही."

कुजबुजे उठले. जाळीपलीकडे दोन ग्लास होते.